माझे अकरा आणि बाबांचा बारावा

रविवारची सकाळ आहे. तुमच्यापैकी निम्म्यांच्या हातात चहाचा कप असेल, आणि उरलेले मुलांना मराठी शाळेत सोडून बाहेर गाडीत बसून ऐकत असतील. आजच्या विषयाचा तुमच्या व्हिसाला, गृहकर्जाला किंवा हीटिंगच्या बिलाला काडीचा उपयोग नाही, हे आधीच सांगून टाकतो. विषय असा: १८७७ पासून आजपर्यंत जेवढे लोक कसोटी क्रिकेट खेळले, त्यातले अकरा निवडायचे. आजवरचा सर्वोत्तम संघ. उपयोग शून्य असं मलाही वाटत होतं. शेवटी थोडा निघाला, तोही सांगतो.

सुरुवात झाली पावसामुळे. इथल्या उन्हाळ्यात सगळ्याच गोष्टींची सुरुवात पावसाने होते. मे महिन्यातला शनिवार होता. आमच्या क्लबची मॅच दहा षटकांनंतर थांबली आणि आम्ही चौघे पॅव्हेलियनमध्ये सँडविच खात बसलो. एक मी. दुसरा कोलंबोचा, आमचा विकेटकीपर. तिसरा लाहोरचा, जो चाळीस वर्षांचा झाला तरी अजून इनस्विंगिंग यॉर्करच टाकायला बघतो. चौथे आमचे स्कोअरर, यॉर्कशायरचे निवृत्त शिक्षक. त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या मते सर्वात मोठा सलामीवीर कोण?" झालं. पाऊस तीन तास पडला, वाद तीन आठवडे चालला.

आता मी पडलो आयटी कन्सल्टंट, वर एमबीए. दोन माणसं भांडायला लागली की आमच्यासारख्याला लगेच एक्सेल उघडावंसं वाटतं. मी म्हटलं, थांबा, आधी निकष ठरवू. घरी जाऊन रीतसर तक्ता केला. पहिला निकष: खेळाडूची तुलना त्याच्या काळातल्या इतरांशी करायची, कारण १९१० ची खेळपट्टी आणि २०१० ची खेळपट्टी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. दुसरा: घराबाहेर काय केलं. तिसरा: तगड्या प्रतिस्पर्ध्यापुढे काय केलं. चौथा: नुसती अकरा नावांची यादी नको, पाच दिवस मैदानात उतरू शकेल असा संघ हवा. आणि दोन अटी. खेळाडू निवृत्त झालेला हवा. त्यामुळे २० पेक्षा कमी सरासरीने २०० बळी घेणारा पहिलाच गोलंदाज असूनही बुमरा बाहेर राहिला. दुसरी अट, किमान २० कसोटी खेळलेला हवा. ही दुसरी अट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

सलामीला पहिलं नाव जॅक हॉब्ज. यावर चौघांचं एकमत झालं, तेवढंच एक. ६१ कसोटी, ५४१० धावा, सरासरी ५६.९४. प्रथमश्रेणी शतकं दोनशेला दोन-तीनच कमी, आणि त्यातली जवळपास निम्मी वयाच्या चाळिशीनंतर. १९२९ मध्ये मेलबर्नला त्याने कसोटी शतक ठोकलं तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. मंडळी, मी ४६ वर्षांचा आहे. परवा कव्हरला वाकून चेंडू उचलला तर दोन दिवस कंबर धरून ऑफिसला गेलो.

दुसरा सलामीवीर. स्कोअरर मास्तर म्हणाले, लेन हटन. त्यांचा माणूस, यॉर्कशायरचा. १९३८ मध्ये ओव्हलवर ३६४. मग महायुद्धात ऐन उमेदीची सहा वर्षं गेली. त्यातच सरावात झालेल्या अपघाताने डावा हात आखूड झाला, आणि त्याच हाताने पुढे परत धावांचा डोंगर रचला. हटनच्या विरोधात बोलणं अवघड आहे.

तरी मी गावसकर लिहिला. आपला माणूस म्हणून नाही, आणि हे मला मास्तरांना पटवून द्यावं लागलं. लोक लगेच १९७१ काढतात: पहिलीच मालिका, वेस्ट इंडीजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा. पण खरं बोलायचं तर १९७१ चा वेस्ट इंडीजचा मारा पुढच्या काळातल्या माऱ्यासारखा भयंकर नव्हता. १९७८-७९ मध्ये तर त्यांचे मोठे खेळाडू पॅकरकडे गेलेले होते. म्हणून ती शतकं बाजूला ठेवा. १९८३ मध्ये कानपूरला मार्शलच्या चेंडूवर गावसकरच्या हातातली बॅट उडाली, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याच्या पुढच्याच कसोटीत, दिल्लीला, त्याच मार्शल-होल्डिंगसमोर त्याने ९४ चेंडूंत शतक केलं आणि ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली. मालिकेच्या शेवटी चेन्नईला नाबाद २३६. आणि १९७९ चं ओव्हल: चौथ्या डावात ४३८ हव्या होत्या, गावसकरने २२१ केल्या, भारत ८ बाद ४२९ वर थांबला. नऊ धावा कमी पडल्या. मास्तर त्या दिवशी मैदानात होते. ते गप्प बसले, मग पेन काढून स्वतःच्या कागदावरचं हटनचं नाव खोडलं. म्हणाले, "यॉर्कशायरमध्ये कुणाला सांगू नका."

तिसऱ्या क्रमांकावर ब्रॅडमन. यावर बोलून तुमचा वेळ घेत नाही. सरासरी ९९.९४. त्याच्याखालचे सगळे थोर लोक साठीच्या जरा मागेपुढे अडकतात. एकच गोष्ट सांगतो. १९३२-३३ मध्ये इंग्लंडने खास त्याला रोखण्यासाठी अंगावर मारा करण्याची युक्ती काढली, बॉडीलाइन. ती यशस्वी झाली असं म्हणतात. त्या यशस्वी मालिकेत ब्रॅडमनची सरासरी ५६.५७ होती. ज्याचं अपयश इतरांच्या यशाएवढं असतं, त्याला मुलाखतीला बोलवायची गरज नसते.

चौथा सचिन. इथे मी आकड्यांपेक्षा एकाच आकड्याचा आग्रह धरला. ५१ शतकांपैकी २९ भारताबाहेर. १९९२ मध्ये पर्थच्या उसळत्या खेळपट्टीवर, वयाच्या अठराव्या वर्षी ११४. २००४ मध्ये सिडनीला, कव्हर ड्राइव्ह मारताना सारखा बाद होतोय म्हणून तो फटकाच पेटीत बंद करून नाबाद २४१. आपल्या हातातला सर्वात देखणा फटका दहा तास न मारणं हे मला कुठल्याही षटकारापेक्षा मोठं वाटतं. लाहोरचा मित्र म्हणाला, "कराचीत १६ वर्षांच्या पोराला आम्ही पहिल्यांदा पाहिलं, त्यामुळे तो अर्धा आमचाच आहे." बरं बाबा, आहे.

पाचव्या जागेवर मात्र घोळ झाला. एक्सेलने कुमार संगकारा वर आणला, सरासरी ५७.४०. मास्तरांना व्हिव्ह रिचर्ड्स हवा होता. मी वळलो कोलंबोच्या मित्राकडे. म्हटलं, घे, तुझा माणूस पहिला आलाय. तो म्हणाला, "नाही. लारा." मी म्हटलं, का रे? तर म्हणाला, "२००१ मध्ये लारा आमच्याकडे आला. मुरली ऐन बहरात, खेळपट्ट्या मुरलीच्या, आणि आम्ही मालिका ३-० ने जिंकली. तरी तीन कसोटींत त्या माणसाने ६८८ धावा केल्या. शेवटच्या कसोटीत २२१ आणि १३०. मी स्टँडमध्ये होतो. तो बाद व्हावा म्हणून देवाला हात जोडत होतो आणि तो बाद होऊ नये असंही वाटत होतं." मंडळी, प्रतिस्पर्ध्याने दिलेल्या साक्षीपेक्षा मोठा पुरावा नसतो. लारा आत.

सहावा गॅरी सोबर्स. ८०३२ धावा, सरासरी ५७.७८, वर २३५ बळी. नव्या चेंडूने जलद, जुन्या चेंडूने डावखुरी फिरकी, आणि तीही दोन प्रकारची, शिवाय बॅटजवळ उभं राहून झेल. आमच्या धंद्यात असा एकच माणूस मिळाला तर कंपन्या उरलेल्या तिघांना काढून टाकतात. कॅलिसचे आकडेही जवळपास तसेच आहेत हे मान्य. पण सोबर्समुळे मला दुसरा फिरकी गोलंदाज घ्यावा लागत नाही, आणि संघ बांधताना तेच महत्त्वाचं.

यष्टिरक्षक अॅडम गिलख्रिस्ट. शुद्ध यष्टिरक्षण म्हणाल तर अॅलन नॉट सरस, मास्तरांचं हे म्हणणं मी मान्य करतो. पण ५ बाद १२६ वरून ३६९ चा पाठलाग करायचा असेल तर मला सातव्या क्रमांकावर कोण हवाय? हा प्रसंग कल्पनेतला नाही, १९९९ चा होबार्टचा आहे. गिलख्रिस्ट नाबाद १४९, लँगरबरोबर, आणि ऑस्ट्रेलिया जिंकलं. समोर पाकिस्तान होतं, वासिम आणि वकारसकट. लाहोरच्या मित्राने या मुद्द्यावर बोलायला नकार दिला. पंचवीस वर्षं झाली तरी जखम ओली आहे.

आठवा आणि कर्णधार इम्रान खान. ३६२ बळी, ३८०७ धावा. बाबांच्या पिढीला १९८२-८३ आठवत असेल: सहा कसोटींत ४० बळी, समोर भारत. कारकिर्दीच्या शेवटच्या दहा वर्षांत त्याची फलंदाजीची सरासरी पन्नाशीची आणि गोलंदाजीची १९ च्या आसपास होती. दोन निराळ्या माणसांना वाटून दिली तरी दोघांच्या दोन कारकिर्दी होतील.

नववा शेन वॉर्न. हा निर्णय ५१ विरुद्ध ४९ असा आहे, हे आधीच कबूल. मुरलीधरनचे ८०० बळी, वॉर्नचे ७०८. मुरलीच्या ८०० पैकी १७६ बांगलादेश आणि झिम्बाब्वेविरुद्धचे आहेत, वॉर्नला दुसऱ्या टोकाला मॅकग्रा होता, असे हिशेब दोन्ही बाजूंनी निघतात. भारतात तर दोघांचीही डाळ शिजली नाही, दोघांची सरासरी चाळिशीच्या पुढे. मग वॉर्न का? कारण माझ्या संघात गोलंदाज चारच आहेत आणि वॉर्न तीन हजारांवर धावा आणि स्लिपमधले सव्वाशे झेल घेऊन येतो. कोलंबोच्या मित्राने संगकारा हसत सोडला होता, मुरली मात्र नाही. त्याने पुढचे दोन शनिवार मला लिफ्ट दिली नाही.

दहावा माल्कम मार्शल. ३७६ बळी, सरासरी २०.९४. वेस्ट इंडीजच्या त्या ताडमाड माऱ्यात हा सहा फुटांनाही कमी. १९८४ मध्ये लीड्सला डाव्या हाताचा अंगठा मोडला. हाताला प्लास्टर. लॅरी गोम्सचं शतक पुरं व्हावं म्हणून एका हाताने फलंदाजीला आला, आणि मग त्याच प्लास्टरसकट ५३ धावांत ७ बळी घेतले. अकरावा ग्लेन मॅकग्रा, ५६३ बळी. रोज नऊ वाजता कामाला येणारा, पाच वाजता काम संपवून जाणारा. दिवाळीत असा सहकारी आठवत नाही, पण तो रजेवर गेला की सगळी यंत्रणा बंद पडते. वासिम अक्रम बाहेर राहिला. लाहोरच्या मित्राला दोन मिळू शकत नाहीत, त्याला कर्णधारपद दिलंय.

तर झाले अकरा. हॉब्ज, गावसकर, ब्रॅडमन, तेंडुलकर, लारा, सोबर्स, गिलख्रिस्ट, इम्रान, वॉर्न, मार्शल, मॅकग्रा. मी खूश. रविवारी डोंबिवलीला बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि एक्सेलची स्क्रीन दाखवली.

बाबा ७५ वर्षांचे आहेत. १९७१ मध्ये पेपरची गाडी यायची वाट बघत ते स्टँडवर उभे राहायचे, फक्त गावसकरच्या धावा वाचायला. त्यांनी यादी शांतपणे वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली. म्हणाले, "छान आहे. विजय मर्चंट कुठाय?"

मी म्हटलं, "बाबा, ते दहाच कसोटी खेळले. माझी वीसची अट आहे."

"ते दहा कसोटी कधी खेळले?"

"१९३३ ते १९५१."

"अठरा वर्षांत दहा. त्यात त्यांची चूक काय?"

मी म्हटलं, चूक नाही, पण कुठेतरी रेघ मारावी लागते. प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये मर्चंटची सरासरी ७१.६४ आहे, ब्रॅडमनखालोखाल, हे मला माहीत होतं. पण माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. मग बाबा म्हणाले, "आणि ज्याच्या नावावर शून्य कसोटी आहेत, तो?"

मी म्हटलं, शून्य कसोटीवाला कसोटी संघात कसा येईल?

"बाळू पालवणकर," बाबा म्हणाले.

मंडळी, तुमच्यापैकी काहींना हे नाव माहीत असेल. नसेल तर दोन मिनिटं ऐका. बाळूंचा जन्म १८७६ चा, चांभार समाजातला. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबमध्ये ते मैदानाची देखभाल करायचे: रोलर फिरवायचा, जाळी बांधायची. साहेब लोकांना सरावाला गोलंदाज हवा असायचा, म्हणून ते डावखुरी फिरकी टाकू लागले. तासन्‌तास. पुण्याच्या हिंदू क्लबने त्यांना संघात घेतलं, कारण साहेबांना हरवायचं होतं. मैदानात त्यांनी टाकलेल्या चेंडूला सगळे हात लावत. चहापानाच्या वेळी मात्र बाकीचे आत आणि बाळूंचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इथे, इंग्लंडला आला. तो संघ सपाटून हरला. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. मायदेशी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते मिळालं त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ मध्ये. भारताची पहिली कसोटी लॉर्ड्सवर झाली ती जून १९३२ मध्ये. तेव्हा बाळूंची पन्नाशी उलटून गेली होती.

बाबा म्हणाले, "तुझा तक्ता बरोबर आहे. पण तो दार उघडल्यावर आत आलेल्यांचा तक्ता आहे. दाराबाहेर कोण उभं होतं ते त्यात दिसत नाही." मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "ठेव आता, तुझी आई जेवायला बोलावतेय."

मी विचार करत बसलो. दक्षिण आफ्रिका १९७० ला बाहेर पडली. बॅरी रिचर्ड्स फक्त चार कसोटी खेळला म्हणून आपण हळहळतो, सरासरी ७२.५७. पण त्याच देशात काळ्या खेळाडूंना त्याआधीही एकसुद्धा कसोटी मिळत नव्हती. त्यांच्यासाठी हळहळायला आपल्याकडे सरासरीही नाही. केपटाऊनचा बेसिल डी'ऑलिव्हिएरा १९६० मध्ये इंग्लंडला आला आणि सहा वर्षांनी इंग्लंडकडून खेळला, म्हणून त्याचं नाव तरी आपल्याला कळलं. वीस कसोटींची माझी अट कुणावर अन्याय करायला लिहिलेली नव्हती. पण अटीला हेतू नसतो. ती गाळते, एवढंच.

आता उपयोगाचं बोलतो. २००६ मध्ये मी इथे आलो तेव्हा पहिले चार महिने मला एकच उत्तर यायचं: तुमच्याकडे यूकेचा अनुभव नाही. मी म्हणायचो, अनुभव यायला आधी कुणीतरी काम द्यावं लागेल ना? तुमच्यातल्या पुष्कळांनी हे ऐकलेलं आहे, मला माहीत आहे. सध्या मी जिथे काम करतो तिथे माझ्या टीमसाठी दोन माणसं घ्यायची होती. अर्जांची चाळणी मीच लावली होती. बाबांशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी ती उघडून पाहिली. तिसरी ओळ: यूकेमधील किमान पाच वर्षांचा अनुभव. ती ओळ मीच लिहिली होती. का लिहिली ते आठवेना. मागच्या वेळच्या फॉर्ममध्ये होती म्हणून राहिली असावी.

ती ओळ मी काढली. फार मोठं काही झालं नाही, उगाच फुगवून सांगत नाही. नऊ अर्ज जास्त वाचावे लागले. त्यातले सहा खरंच उपयोगाचे नव्हते. तिघांना बोलावलं. एकीला घेतलं, ती पुढच्या महिन्यात रुजू होतेय. ती चांगली निघेल की नाही, आजच सांगता येणार नाही. पण चेंडू टाकून तर बघू दे.

माझ्या अकरांमध्ये मी बदल केलेला नाही. कसोटी संघात कसोटी खेळलेलेच असावेत, हे माझं म्हणणं अजून तेच आहे आणि बाबांनाही ते मान्य आहे. फक्त त्या तक्त्यात मी एक बारावी ओळ घातली. नाव: पालवणकर बाळू. कसोटी: ०. धावा, बळी, सरासरी हे रकाने मोकळे ठेवलेत. पुढच्या शनिवारी तो कागद मी पॅव्हेलियनमध्ये घेऊन गेलो. स्कोअरर मास्तरांनी बाराव्या नावाबद्दल विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ते नाव आपल्या वहीत उतरवून घेतलं आणि दोनदा उच्चार विचारला. 'ळ' काही त्यांना जमला नाही.

तर मंडळी, तुमचे अकरा आम्हाला नेहमीच्या पत्त्यावर लिहून पाठवा. मुरलीवाल्यांनो, तुमच्या शिव्यांचंही स्वागत आहे. एकच विनंती: खाली बारावं नाव जरूर लिहा. क्रिकेटमधलंच हवं असं नाही. तुमच्या गल्लीतला, शाळेतला, ऑफिसातला, ज्याला तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत आणि ज्याचा एकही आकडा कुठे नोंदलेला नाही असा कुणीही चालेल. पुढच्या कार्यक्रमात आपण ती नावं वाचू.

भेटू पुढच्या रविवारी. पाऊस नसेल तर जरा उशिरा, कारण मॅच असेल. नमस्कार.